चाकांवरचे बिऱ्हाड आणि हक्काची सुट्टी



'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण ज्याला ठावठिकाणा नाही अशा माणसाबद्दल वापरतो, आणि ती वापरताना आपल्या आवाजात थोडी कीव असते. परंतु जगात असेही पुष्कळ लोक आहेत, की ज्यांना पक्के घर आहे, कायम नोकरी आहे, आणि तरीही आठवड्याची सुट्टी आली की ते एक लहानसे बिऱ्हाड मोटारीच्या मागे जोडतात आणि नदीकाठी, समुद्रकाठी किंवा एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन राहतात. दोन रात्री तेथे काढून ते परत येतात आणि सोमवारी भोंग्याला हजर होतात. या गाडीला अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर आणि इंग्लंडात कॅरॅव्हॅन असे नाव आहे. तिला स्वतःचे इंजिन नसते. आत दोन-चार माणसांची निजायची जागा, एक शेगडी, पाण्याची टाकी, सामानाची कपाटे आणि खिडक्या, एवढा संसार असतो. तिकडे पुष्कळांना नव्या गाडीपेक्षा जुनीच गाडी प्रिय असते. आजोबांच्या काळातली, कोणाच्या परसात गवतात रुतून पडलेली गाडी आणायची, तिचे कुजलेले लाकूड काढायचे, पत्रा घासायचा, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची, असा हा छंद आहे.

हा शौक पालघर-बोईसरच्या श्रोत्यांना सांगण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे, की या गाडीकडे वरवर पाहिले तर ती श्रीमंताचे खेळणे वाटते. पण तिचा इतिहास उलगडला तर तो सुट्टीचा इतिहास निघतो, आणि सुट्टीचा इतिहास हा कामगाराचा इतिहास आहे. गाडी बनविणे ही अवघड गोष्ट नव्हे. तिच्यात बसून जायला मोकळा दिवस मिळविणे आणि ती उभी करायला हक्काची जागा मिळविणे, ही खरी अवघड गोष्ट. आजच्या व्याख्यानात मला एवढेच समजावून सांगायचे आहे.

गाडीची जन्मकथा

'कॅरॅव्हॅन' हा शब्द मुळात इंग्रजी नाही. तो फारसीतल्या 'कारवान' या शब्दावरून तिकडे गेला. वाळवंटातून एकमेकांच्या सोबतीने जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा, हा त्याचा अर्थ. पुढे इंग्लंडात सर्कसवाल्यांच्या आणि भटक्या जमातींच्या घोडागाडीतल्या घरांना हे नाव पडले. म्हणजे तेथेही हे बिऱ्हाड आधी गरजवंताचे होते.

मौजेसाठी असे घर मुद्दाम बांधून घेतले ते विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थांनी. ते ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर आणि मुलांसाठी गोष्टी लिहिणारे लेखक होते. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका डबे बांधणाऱ्या कारखान्याकडून 'वाँडरर', म्हणजे 'भटक्या', नावाची गाडी करून घेतली. लांबी सुमारे १८ फूट. ओढायला दोन घोडे. त्या गाडीतून ते इंग्लंडातून उत्तरेकडे स्कॉटलंडात इनव्हर्नेसपर्यंत, सुमारे १३०० मैल हिंडले. बरोबर गाडीवान होता, कुत्रा होता, पोपटाच्या जातीचा एक पक्षी होता, आणि एक नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जाऊन समोरच्या गाड्यांना सावध करीत असे. १८८६ साली त्यांनी या प्रवासावर पुस्तक लिहिले. ती गाडी आजही जपून ठेवलेली आहे. ज्याच्या पदरी गाडीवान आणि नोकर आहेत आणि ज्याला कोणाच्या भोंग्याला जायचे नाही, त्याची ही सहल होती. ती पाहून सामान्य माणसाला हेवा वाटला असेल. तिचे अनुकरण करणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, आणि १९१९ च्या सुमारास बर्मिंगहॅमला मोटारीमागे ओढायच्या अशा गाड्या कारखान्यात बनू लागल्या. अमेरिकेत १९३० नंतर हा धंदा फोफावला. हॉली बाउलस या विमाने बांधणाऱ्या कारागिराने १९३४ साली ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, रिबिटांनी जोडलेली, माशासारख्या निमुळत्या आकाराची गाडी काढली. लिंडबर्ग ज्या विमानातून एकटा अटलांटिक ओलांडून गेला, त्या विमानाच्या बांधणीत या बाउलसचा हात होता. पुढे वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ साली त्याच वळणाची 'क्लिपर' ही गाडी आणली. ती चकचकीत रुपेरी गाडी आजही जुन्या गाड्यांच्या शौकिनांची लाडकी आहे. १९६३-६४ साली अशा गाड्यांचा एक मोठा तांडा सिंगापूरहून निघाला, आणि भारतातून पुढे जात युरोपात पोहोचला. कारवान हा शब्द पूर्वेकडून पश्चिमेला गेला होता; तो असा ॲल्युमिनियमची झूल पांघरून पुन्हा आपल्या रस्त्यावरून गेला.

याच अमेरिकेत या गाडीचे दुसरेही रूप दिसले. १९३० नंतरच्या मंदीत ज्यांची घरे गेली, त्यांतल्या अनेकांनी या गाड्यांतच संसार मांडले. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांभोवती मजुरांची एवढी दाटी झाली, की सरकारला त्यांच्यासाठी अशा गाड्यांच्या वसाहतीच उभ्या कराव्या लागल्या. गाडी तीच, चाके तीच. एकाला ती सहल होती आणि दुसऱ्याला निवारा. हा फरक गाडीत नाही, गाडीत बसणाऱ्याच्या परिस्थितीत आहे.

सुट्टी कोणी दिली?

आता गाडी क्षणभर उभी करू आणि दिवसाकडे वळू. कारण गाडी दारात असली तरी मोकळा दिवस नसेल तर ती गंजतच पडणार.

आपल्याकडे आठवड्याची सुट्टी ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे, की ती सूर्य-चंद्राबरोबरच आली असावी असे वाटते. ती तशी आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आणि आठवड्याचा ठरलेला मोकळा दिवस नसे. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे १० हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात, साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला. आपण सहज म्हणतो, 'आज काय, रविवार आहे!' त्या रविवारामागे महालक्ष्मीची ती सभा उभी आहे.

तथापि सुट्टी मिळाली म्हणजे सहल घडतेच असे नाही. रोजंदारीच्या माणसाला सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. तो दिवस मोकळा असतो, पण त्या दिवसाचा खिसा रिकामा असतो. म्हणून जगभरच्या कामगार चळवळींनी पुढची मागणी केली ती भरपगारी रजेची. फ्रान्समध्ये जून १९३६ मध्ये मोठ्या संपानंतर कायदा झाला आणि प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. लेओ लाग्रांज नावाच्या मंत्र्याने रजेवर जाणाऱ्या कामगारांसाठी रेल्वेच्या भाड्यात ४० टक्के सूट मिळवून दिली. त्या उन्हाळ्यात ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी हजारो कुटुंबे तंबू, सायकली आणि पिशव्या घेऊन किनाऱ्यावर गेली. इंग्लंडात १९३८ साली भरपगारी रजेचा कायदा झाला. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९२६ साली आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा सुरू केला, आणि १९३८ च्या कायद्यानंतर ४० तासांचा आठवडा तिकडे रुळला. शनिवार-रविवार जोडून मोकळे मिळू लागले, तेव्हाच शुक्रवारी संध्याकाळी गाडी जोडून निघणे शक्य झाले. स्टेबल्स यांच्या पन्नास वर्षांनंतर ती गाडी सामान्यांच्या दारी आली, त्यात स्वस्त मोटारीचा वाटा आहेच. पण या कायद्यांचा वाटा त्याहून कमी नाही.

आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. त्यासाठी वर्षात २४० दिवस काम झालेले असावे लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता अमलात आली, तीत ही अट १८० दिवसांवर आली आहे. वर्षात २८० दिवस भरणाऱ्या कामगाराचे गणित केले तर १४ दिवस रजा होते. हे १४ दिवस एखादा गावच्या जत्रेला, लग्नाला आणि आजारपणाला वापरतो. त्यातले दोन-तीन दिवस साप्ताहिक सुट्टीला जोडून निव्वळ आपल्या मुलाबाळांबरोबर काढावेत, हा विचारच आपल्याला शिकविलेला नाही. कंत्राटी कामगाराची गोष्ट तर आणखी निराळी. कायद्यात त्याच्यासाठी काय लिहिले आहे आणि त्याच्या हातात काय पडते, यांत पुष्कळ अंतर असते. जो कामगार सुट्टी मागायलाच भितो, त्याला मी सहलीचे वर्णन ऐकवणे ही थट्टा होईल. म्हणून आधी रजेचा हिशेब मागा, मग सहलीचा बेत करा, असा माझा क्रम आहे.

आपल्या जिल्ह्यातली चाके

१ ऑगस्ट २०१४ रोजी आपला पालघर जिल्हा झाला. या जिल्ह्याला फिरते बिऱ्हाड नवीन नाही. दिवाळी झाली, भाताची कापणी-झोडणी आटोपली, की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबे भांडी, चुली, कोंबड्या आणि लहान मुले यांसह ट्रकमध्ये बसून वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. 'जगायला जातो' असे ते म्हणतात. तिकडे मराठवाड्यातून ऊसतोडणीला जाणाऱ्यांची बैलगाडी आणि ट्रॅक्टर हेच सहा महिन्यांचे घर असते. त्यांच्याही माथ्यावर तारे असतात, त्यांचीही चूल उघड्यावर पेटते. पण त्याला सहल म्हणता येत नाही. कारण कधी निघायचे, कोठे थांबायचे आणि कधी परत यायचे, यांतले काहीच त्यांच्या हातात नसते. सहलीची माझी व्याख्या साधी आहे. ज्या प्रवासातून आपण आपल्या मर्जीने परततो आणि परतल्यावर आपले काम आपली वाट पाहत असते, ती सहल.

दुसरीकडे बोईसर-तारापूर पाहा. १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली. पोलाद, कापड, रसायने, औषधे यांचे कारखाने आले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेला कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने निजतो. त्याच्या खोलीपासून समुद्र तासाभराच्या आत आहे. पण चार-चार वर्षे येथे काढून चिंचणीचा किंवा केळव्याचा किनारा न पाहिलेली माणसे मला भेटतात. त्याच समुद्रासाठी मुंबईची माणसे रविवारी गाड्या भरभरून येतात. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून तर त्यांना ते अधिकच सोपे झाले.

येथे आपल्या कामगाराच्या एका अडचणीतच एक सोय दडलेली आहे. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून निरनिराळ्या औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे निरनिराळे वार ठरवून देण्याची पद्धत आपल्या राज्यात रूढ झाली. त्यामुळे सगळ्यांचीच सुट्टी रविवारी येत नाही. मुलांची शाळा एका दिवशी बंद आणि बापाची पाळी दुसऱ्या दिवशी बंद, हा त्यातला तोटा आहे. परंतु आठवड्याच्या मधल्या वारी किनारा मोकळा असतो, हा फायदाही आहे. शाळेच्या सुट्टीत एक दिवस रजा जोडली, तर तो फायदा सगळ्या घराला मिळतो.

जुनी गाडी नवी कशी होते?

आता गाडीच्या रचनेकडे येऊ. ट्रेलरचे मुख्य भाग चार: खालचा लोखंडी सांगाडा, आस आणि चाके, मोटारीला जोडायची दांडी, आणि वरची घराची पेटी. जुन्या गाड्यांत ही पेटी बहुधा लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून केलेली असते. एअरस्ट्रीमसारख्या काहींत ती विमानाप्रमाणे ॲल्युमिनियमच्या कमानींवर रिबिटांनी जोडलेली असते.

जुन्या गाडीचा पहिला शत्रू पाणी. पत्र्याच्या सांध्यांतून, खिडकीच्या कडेतून, छपराच्या झरोक्यातून पाणी आत झिरपते आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पत्र्याच्या आत लाकूड भुसा होऊन बसते. म्हणून जाणता कारागीर रंगाच्या डब्याला शेवटी हात लावतो. आधी तो टोच्याने कोपरे टोचून लाकूड तपासतो. मग गळती बंद करतो, कुजलेले तुकडे काढून नवे बसवितो, सांगाड्याचा गंज घासून त्याला डांक देतो, आणि त्यानंतर पत्रा, खिडक्या, तारा, जमीन असा वर चढत जातो. आपल्या खाऱ्या हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओल्या खाऱ्या हवेत एकमेकांना भिडले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते, आणि ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी पडते. म्हणून दोहोंच्या मध्ये रंगाचा किंवा रबराचा थर ठेवावा लागतो.

टायरची खूण वाचायलाही शिकावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३१९' याचा अर्थ २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते आणि भर रस्त्यात फुटते. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीचे टायर दिसतात त्यापेक्षा म्हातारे असतात.

भार भरण्याचे शास्त्र तर आपल्या शेतकऱ्याला शिकवायलाच नको. बैलगाडीत ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलते. फार पुढे आले तर बैलांच्या मानेवर भार येतो. ट्रेलरचे तेच आहे. दांडीवर थोडा भार हवाच. इंग्लंडात तो गाडीच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के. म्हणजे ८०० किलोची गाडी असेल, तर इंग्लंडच्या हिशेबाने दांडीवर ४० ते ५६ किलो. जड सामान आसाच्या वर आणि खाली ठेवायचे, मागे कधीच नाही. गाडी मागून उलाळ झाली तर वेगात ती शेपटासारखी डावी-उजवी झोके घेऊ लागते आणि पुढची मोटारही आपल्याबरोबर ओढते. अशा वेळी जोराने ब्रेक मारू नये. पाय वर घेऊन वेग आपोआप उतरू द्यावा. मनोरहून पालघरला येताना वाघोबा खिंडीची वळणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आतल्या दोन गोष्टींत मात्र हयगय नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली, जमिनीजवळ भोक असले पाहिजे. आणि बंद गाडीत कोळशाची शेगडी कधीही पेटवून निजू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि माणूस झोपेतच जातो.

आता खरी गोष्ट सांगतो. असे राहण्याचे ट्रेलर आपल्या देशात फारसे विकलेच गेले नाहीत, त्यामुळे दुरुस्त करायला जुना ट्रेलर मिळणे कठीण आहे. आपल्याकडे रूढ झाली ती इंजिनासह असलेली गाडी. म्हणजे बस किंवा टेम्पोच्या साट्यावर बांधलेले घर. त्याच धर्तीवर जुन्या फिरत्या दवाखान्याची किंवा जुन्या बसची पेटी कामाला येऊ शकते. ते काम कोणाचे? फिटरचे, वेल्डरचे, सुताराचे, वायरमनचे आणि रंगाऱ्याचे. हे पाचही जण बोईसरच्या एका चाळीत सापडतात. जे हात दिवसभर दुसऱ्याची यंत्रे सुरू ठेवतात, त्यांना ही विद्या परकी नाही. फक्त एक ध्यानात ठेवावे: कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी लागते, आणि गाडीच्या रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. गाडी तयार करून मग कागद शोधत बसू नये.

कोठे जावे आणि कसे राहावे?

जागांची आपल्याला वाण नाही. केळव्याला सुरूची बने, शितलादेवीचे देऊळ आणि समुद्रातला जुना कोट आहे. पलीकडे माहीम आणि शिरगावचा किल्ला, उत्तरेला चिंचणी आणि डहाणू. डोंगर हवा असेल तर काळदुर्ग आणि अशेरी, आणखी वर जव्हारचे पठार. जून ते सप्टेंबर सोडला की ऋतूही अनुकूल.

परंतु समुद्राचा एक नियम पाळलाच पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतले अंतर मोठे आहे. उधाणाच्या दिवशी पाणी ओहोटीपेक्षा चार-पाच मीटर उंच चढते. ओहोटीला वाळू टणक दिसते, म्हणून उत्साही माणूस गाडी खाली उतरवितो. चाक रुतते आणि पाणी मागून येते. वाळूत गाडी उतरवू नये, हा सरळ नियम. जुन्या माणसांचे भरतीचे गणित मात्र शिकून ठेवण्यासारखे आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. हा अंदाज आहे. नेमकी वेळ तक्त्यात पाहावी किंवा किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारावी.

त्यांचीच आणखी एक गोष्ट. किनारा रिकामा दिसला म्हणजे तो रिकामा असतो असे नव्हे. तेथे जाळी सुकतात, बोंबील वाळतात, होड्या ओढल्या जातात. आपल्या सुट्टीची जागा हा दुसऱ्याचा कारखाना आहे. आपल्या खात्यात येऊन कोणी यंत्रावर डबा उघडून बसला तर आपल्याला कसे वाटेल, तेवढे आठवावे. कचरा परत न्यावा, सांडपाणी वाळूत सोडू नये, रात्री कर्णे लावू नयेत.

आणि घरातल्या सुट्टीचे काय? १८९० च्या सभेत दोन स्त्रिया बोलल्या होत्या, हे मी वर सांगितले. सहलीला जाऊनही ताई-माई त्याच शेगडीपुढे बसून पोळ्या लाटणार असतील आणि पुरुष मंडळी सुरूच्या सावलीत पत्ते कुटणार असतील, तर त्या घरात अर्ध्याच माणसांना सुट्टी मिळाली. गाडीत जागा कमी असते, हे त्या दृष्टीने बरेच आहे. कोणी काम चुकवीत असेल तर ते चटकन दिसते.

आपण काय करू शकतो?

एकट्या कामगाराने अशी गाडी बाळगणे परवडणार नाही, आणि तशी गरजही नाही. वर्षाचे ५२ आठवडे. त्यांतून पावसाळ्याचे १७ काढले तर ३५ उरतात. म्हणजे एक गाडी ३५ कुटुंबांना वर्षातून एकेकदा मिळू शकते. कामगारांच्या पतपेढ्या आहेत, संघटना आहेत. कर्ज आणि सणाची उचल देणाऱ्या पतपेढीने एखादी जुनी गाडी सभासदांच्या हातांनी उभी करून पाळीपाळीने द्यावी, यात अशक्य असे काही नाही. पाळीची सवय आपल्याला आहेच.

राहिली जागा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाड्या उभ्या करण्यासाठी पाणी, वीज आणि स्वच्छतेची सोय असलेली ठिकाणे व्हावीत, अशी त्यात कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण अशी ठिकाणे केवळ महागड्या विश्रामधामांच्या आवारात झाली, तर आपल्याला कुंपणाबाहेरूनच ती पाहावी लागतील. आपल्या किनाऱ्याजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या प्रश्नावर मच्छीमारांचा आणि स्थानिकांचा मोठा विरोध आपण पाहिला आहे. बंदराच्या प्रश्नात मी आज शिरत नाही. एवढेच म्हणतो, की जेथे मोठी बांधकामे येतात तेथे जमिनीला भाव चढतो आणि सार्वजनिक जागा आधी आक्रसते. म्हणून आताच ग्रामपंचायतींकडे आणि जिल्हा परिषदेकडे मागणी केली पाहिजे. सुरूच्या मागे, वाळूपासून दूर, किनारा नियमनाचे कायदे सांभाळून थोडी जागा राखून ठेवावी. तेथे नळ, संडास, दिवा आणि एक रखवालदार असावा. तंबू असो की चाकांची गाडी, माफक भाड्यात कोणत्याही कुटुंबाला तेथे एक रात्र राहता यावे. आणि या व्यवस्थेत किनाऱ्यावरच्या गावाचा शब्द पहिला असावा.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. अशी व्याख्याने संध्याकाळी का होतात? श्रोता दिवसा मोकळा नसतो म्हणून. तुम्ही आज येथे बसला आहात, तेही कोणीतरी कामाच्या तासांना मर्यादा घालून घेतली म्हणून. मोकळ्या वेळेत माणूस व्याख्यान ऐकतो, समुद्र पाहतो, मुलाशी बोलतो, किंवा काहीच न करता पडून राहतो. त्याने काय करावे हे त्याने ठरवावे. तो वेळ त्याच्या हाती असावा, एवढेच संघटनेचे काम. माझी विनंती आहे, की उद्या कामावर गेल्यावर प्रत्येकाने आपल्या शिल्लक रजेचा आकडा विचारून घ्यावा. आणि ज्याच्या शेजारी कंत्राटी कामगार उभा असेल, त्याने त्याच्याही रजेचा आकडा विचारावा. तेथून सुरुवात करू.